ढेपेतील बुरशी आणि दुधातील विष
खानदेशातील पशुपालक व ग्रामकार्यकर्ते यांच्यासाठी

आखाजीच्या सुमारास भाव बरा पाहून पावसाळ्याच्या बेगमीसाठी घेतलेल्या सरकीच्या ढेपेची पोती धाब्याच्या खोलीत भिंतीला लावून ठेवलेली असतात. पोळ्याच्या आगेमागे तळचे पोते उघडले म्हणजे कुबट वास येतो. ढेपेचे तुकडे एकमेकांस चिकटलेले असतात आणि त्यांवर पांढरट-हिरवी लव आलेली दिसते. घरातील वडीलधारी व्यक्ती एक तुकडा हातात घेते, वरची बुरशी फडक्याने पुसते आणि म्हणते, "एवढ्याने काय होते? गुराच्या पोटात सारे जिरते." ती ढेप टोपल्यात भिजत पडते, सायंकाळी म्हशीपुढे जाते, आणि दुसऱ्या दिवशीचे दूध काही डेअरीत व काही घरातील मुलांच्या पेल्यात पडते.

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील गोपालकास हे चित्र अनोळखी वाटणार नाही. तथापि गुराच्या पोटात सारे जिरते, हा समज खरा नाही. बुरशी पुसली तरी तिने खाद्यात सोडलेले विष पुसले जात नाही. ते भिजवून निघत नाही व शिजवूनही नाहीसे होत नाही. जनावराच्या यकृतास ते इजा करते आणि त्याचा काही अंश दुधातून थेट माणसाच्या घरात येतो. आडात असते तेच पोहऱ्यात येते, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. म्हणून हे विष कसे उत्पन्न होते व ते खाद्यात येऊच नये यासाठी काय करता येते, याची माहिती प्रत्येक पशुपालकास असणे अगत्याचे आहे.

विषाचा शोध कसा लागला

ज्या १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये टर्की जातीच्या पक्ष्यांत एक अनाकलनीय रोग उद्भवला. अवघ्या काही महिन्यांत एक लाखाहून अधिक पक्षी दगावले. कोणताही जंतू सापडेना, म्हणून पशुवैद्यांनी त्यास नुसते 'एक्स रोग' असे नाव दिले. पुढे तपासाचा धागा पक्ष्यांच्या खाद्यापर्यंत पोचला. त्या खाद्यात ब्राझील देशातून आलेली भुईमुगाची पेंड मिसळलेली होती आणि त्या पेंडीवर 'ॲस्परजिलस फ्लेव्हस' नावाच्या पिवळसर-हिरव्या बुरशीची वाढ झालेली होती. या बुरशीच्या नावावरूनच तिच्या विषास 'अफ्लाटॉक्सिन' हे नाव मिळाले.

या विषाचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी 'बी-१' हा प्रकार सर्वांत घातक असून त्यामुळे यकृताचा कर्करोग होतो, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. भुईमूग, सरकी, मका आणि त्यांपासून होणारी पेंड, चुणी व भरडा ही या बुरशीची आवडती ठिकाणे होत. यांपैकी बहुतेक सर्व पदार्थ खानदेशातील गोठ्यात रोजच्या वापरातील आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे इंग्लंडातील ती घटना आपल्यापासून फार दूरची राहत नाही.

पंचमहालचा धडा

याहूनही जवळचा व अधिक दुःखद धडा १९७४ सालचा आहे. सातपुडा व नर्मदा ओलांडून उत्तरेस गेले म्हणजे गुजरातेतील पंचमहाल व त्यास लागून राजस्थानातील बांसवाडा हा भिल्ल वस्तीचा मुलूख लागतो. मका हे तेथील गोरगरिबांचे मुख्य अन्न. त्या वर्षी मक्याच्या काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला. कणसे भिजली, ती पुरती न वाळवता तशीच घरात भरली गेली आणि त्यांवर बुरशी चढली. दुसरे धान्य घरात नसल्याने लोकांनी तोच मका खाल्ला. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत गावोगावी कावीळ व पोटात पाणी होण्याचा विकार पसरला. त्यात ३९७ माणसे आजारी पडली व त्यांतील १०६ दगावली. त्याच घरांतील कुत्र्यांनाही तोच विकार झाला, कारण त्यांच्यापुढेही त्याच मक्याची भाकरी पडत होती.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथील मक्याची तपासणी केली, तेव्हा दर किलोग्रॅममध्ये सुमारे ६ ते १५ मिलिग्रॅम इतके अफ्लाटॉक्सिन आढळले. आज पशुखाद्यासाठी जी मर्यादा ठरविलेली आहे तिच्या हे प्रमाण तीनशे पटींहून अधिक होते. पुढे २००४ साली पूर्व आफ्रिकेतील केनिया देशात ओलसर साठविलेल्या मक्यामुळे असाच प्रकार घडला. ३१७ जण आजारी पडून १२५ मृत्यू पावले. दोन्ही ठिकाणी कारण एकच होते. पीक ओले राहिले आणि घरात दुसरे धान्य नव्हते.

या गोष्टी सांगण्याचा हेतू भीती घालण्याचा नाही. इतके तीव्र विष खाद्यात क्वचितच येते. परंतु थोड्या प्रमाणातील विष पुष्कळ वेळा येते, ते डोळ्यांस दिसत नाही, आणि दररोज थोडे थोडे करून ते जनावराची प्रकृती व मालकाची मिळकत पोखरते.

खानदेश कोरडा, मग भय कोठून?

खानदेशाचा उन्हाळा प्रसिद्ध आहे. भुसावळ-जळगावकडे वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. अशा रखरखीत मुलखात बुरशीचे भय कसले, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्यासाठी बुरशीची गरज काय आहे ते पाहावे लागेल. पंचवीस ते पस्तीस अंश उष्णता आणि दमट हवा, ही स्थिती या बुरशीस विशेष मानवते. धान्यात किंवा पेंडीत शेकडा १३-१४ हून अधिक ओल राहिली म्हणजे तिचे काम सुरू होते. खानदेशात ही परिस्थिती वर्षातून तीन वेळा येऊ शकते.

पहिली वेळ परतीच्या पावसाची. सप्टेंबर-ऑक्टोबरात मका, खरीप ज्वारी, बाजरी व भुईमूग काढणीस आलेले असतात व नेमका तेव्हाच पाऊस येतो. २०१९ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातील अवकाळी पाऊस पुष्कळांच्या स्मरणात असेल. मक्याच्या कणसांना जागेवरच कोंब फुटले, ज्वारी काळी पडली आणि चारा शेतात सडला. बाजारात ज्यास भाव नाही असा माल अशा वेळी सहजच गोठ्याकडे वळतो, आणि धोक्याची सुरुवात तेथेच होते.

दुसरी वेळ पावसाळ्यातील साठवणीची. सरकी गाळण्याचा हंगाम हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या आरंभी असतो, तेव्हा ढेप तुलनेने स्वस्त मिळते. ती घेऊन ठेवली म्हणजे तिचे सर्व आयुष्य मृग ते हस्त या दमट नक्षत्रांत जाते. धाबे गळते, भिंतीला ओल येते, जमिनीतून ओल चढते आणि कोरडी आलेली ढेप घरातच ओली होते.

तिसरी वेळ फाल्गुन-चैत्रातील अवकाळी पाऊस व गारपिटीची. रब्बी मका, दादर ज्वारी व तिचा कडबा या वेळी शेतात किंवा खळ्यावर उघडा पडलेला असतो.

याशिवाय अवर्षण हेही एक कारण आहे, हे पुष्कळांस नवल वाटेल. भुईमुगाच्या शेंगा भरताना किंवा मक्याचे दाणे भरताना पाण्याचा ताण पडला व जमीन तापली, तर झाड दुर्बळ होते आणि बुरशी उभ्या पिकातच दाण्यांत शिरते. युरोपातील सर्बिया देशात २०१२ सालच्या अवर्षणानंतर हेच घडले. मक्यात विष आले, तो मका गाईंनी खाल्ला, आणि २०१३ च्या आरंभी तेथील दुधात विष सापडून मोठी खळबळ उडाली. म्हणजे ज्या वर्षी पाऊस नाही त्या वर्षीही सावध असावयास पाहिजे, आणि ज्या वर्षी तो अवेळी आला त्या वर्षी अधिक सावध असावयास पाहिजे.

जनावरांवर होणारे परिणाम

सर्व जनावरांना हे विष सारखे बाधत नाही. बदकांची व टर्कीची पिले सर्वांत नाजूक. कोंबड्यांची पिले व लहान डुकरेही लवकर बळी पडतात. गुरांमध्ये वासरे व पारडी यांना मोठ्या जनावरांपेक्षा अधिक धोका असतो. मेंढ्या त्या मानाने काटक असतात.

मोठ्या जनावरांत लक्षणे हळूहळू दिसतात व म्हणूनच ती दुर्लक्षिली जातात. खाणे कमी होते. दूध घटते. कातडीची चमक जाऊन केस राठ दिसू लागतात. अधूनमधून पातळ हगवण लागते. गाय वेळेवर माजावर येत नाही, कधी गाभडते. वासरांची वाढ खुंटते. सर्वांत मोठे नुकसान असे की, जनावराची रोगप्रतिकारशक्ती खालावते. त्यामुळे वेळेवर लस टोचूनही ती पुरेशी लागू पडत नाही, आणि मालक लशीस दोष देतो. कोंबड्यांत अंडी घटतात व पिलांची वाढ थांबते.

ही लक्षणे दुसऱ्या अनेक रोगांतही दिसतात. तेव्हा दूध घटले की ते विषामुळेच, असा तर्क करून स्वस्थ बसू नये. पशुवैद्यकास बोलवावे व त्यास जनावराबरोबर खाद्याचे पोतेही दाखवावे. या विषावर नेमका उतारा असे औषध नाही. दूषित खाद्य तत्काळ बंद करणे, चांगला आहार देणे आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने यकृताची काळजी घेणे, एवढाच उपाय आहे.

दुधाचा हिशेब

गाईने किंवा म्हशीने बी-१ विष खाल्ले म्हणजे तिच्या यकृतात त्याचे रूपांतर 'एम-१' या प्रकारात होते व ते दुधात उतरते. खाल्लेल्या विषापैकी साधारणतः शेकडा एक ते दोन भाग दुधात येतो; अधिक दूध देणाऱ्या जनावरात हे प्रमाण याहून जास्तही असते. खाद्य पोटात गेल्यापासून एका दिवसाच्या आत ते दुधात दिसू लागते. दूध उकळल्याने ते नाहीसे होत नाही. दही, खवा व पनीर यांतही ते राहते.

भारतात मिश्र पशुखाद्यासाठी बी-१ विषाची मर्यादा दर किलोग्रॅमला २० मायक्रोग्रॅम अशी आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. या हिशेबाने दहा क्विंटल खाद्यात फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे ज्वारीच्या एका दाण्याच्या वजनाहूनही कमी विष चालू शकते. दुधासाठी मर्यादा याहून कडक असून ती दर किलोग्रॅमला अर्धा मायक्रोग्रॅम आहे.

आता एक साधा हिशेब करून पाहू. एका गाईस रोज चार किलो खुराक घातला आणि त्यात दर किलोस ५० मायक्रोग्रॅम विष असले, तर तिच्या पोटात २०० मायक्रोग्रॅम विष गेले. त्याचे शेकडा दोन म्हणजे ४ मायक्रोग्रॅम दुधात आले. गाय आठ लिटर दूध देत असेल, तर दर लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे दूध मर्यादेच्या अगदी काठावर आले. खुराकात विष थोडे अधिक असले की ते दूध मर्यादेपलीकडे गेले म्हणून समजावे.

हा हिशेब केवळ कागदावरचा नव्हे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे शेकडा ५.७ नमुन्यांत, एम-१ विष मर्यादेपेक्षा अधिक आढळले. २०१९ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा दुधातील पाण्याच्या भेसळीपेक्षा हा प्रश्न अधिक गंभीर असल्याचे दिसून आले. आणि त्याचे मूळ दुधात नसून जनावरांच्या खाद्यात व चाऱ्यात आहे, हेही स्पष्ट झाले. दुधावर वाढणारी घरातील मुले हे दूध रोज पितात, ही गोष्ट कोणत्याही आकड्यापेक्षा मोठी आहे.

यात समाधानाची एक गोष्ट आहे. दूषित खाद्य बंद केल्यापासून तीन-चार दिवसांत दुधातील विष बहुतेक नाहीसे होते. म्हणजे ही आपत्ती पशुपालकाने मनावर घेतल्यास त्याच्या हातात राहू शकते.

शेतात व खळ्यावर घ्यावयाची काळजी

खाद्याची काळजी गोठ्यात नव्हे तर शेतात सुरू होते. पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. भुईमुगास शेंगा पोसण्याच्या काळात व मक्यास दाणे भरण्याच्या काळात, पाणी असल्यास, ताण पडू देऊ नये.

२. पीक पक्व होताच काढावे. मजूर मिळत नाहीत म्हणून शेंगा जमिनीत किंवा कणसे ताटावर फार दिवस ठेवू नयेत.

३. भुईमूग काढताना शेंगा फुटणार नाहीत अशी काळजी घ्यावी. फुटलेल्या शेंगेत बुरशी प्रथम शिरते. किडीने पोखरलेल्या शेंगा व कणसे वेगळी काढावीत.

४. उघड्या मातीवर वाळवण घालू नये. ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर पातळ थर पसरून दिवसातून तीन-चार वेळा हालवावे. सायंकाळी ढीग करून झाकावे, म्हणजे दवाची ओल बसत नाही. मक्याची कणसे सोलून वाळवावीत.

५. मका व ज्वारी यांतील ओल शेकडा १२ पर्यंत आणि भुईमुगाच्या शेंगांतील ओल शेकडा ८ पर्यंत खाली आणल्याखेरीज पोती भरू नयेत.

ओल मोजण्याचे यंत्र प्रत्येकाजवळ नसते. त्यासाठी मिठाची परीक्षा घरच्या घरी करता येते. काचेची स्वच्छ, कोरडी, रुंद तोंडाची बाटली घ्यावी. तव्यावर गरम करून कोरडे केलेले दोन-तीन चमचे बारीक मीठ तीत घालावे. वर मक्याचे दाणे बाटलीचा तिसरा हिस्सा भरेपर्यंत घालून झाकण लावावे व दोन-तीन मिनिटे जोराने हालवावे. पंधरा मिनिटे ती स्थिर ठेवून पाहावे. काचेस आतून मीठ चिकटून राहिले, तर धान्यात शेकडा १५ हून अधिक ओल आहे असे समजावे. मीठ चिकटले नाही तरी तेवढ्यावर संतुष्ट न राहता आणखी दोन कडक उन्हे द्यावीत, कारण पंधराच्या खाली आलेले धान्य बारापर्यंत आलेच असे नाही.

कडब्याच्या बाबतीतही हाच नियम लागू आहे. ओल्या पेंढ्या बांधून गंजी रचू नये. गंजी उंचवट्यावर, खाली दगड किंवा लाकडे घालून रचावी व तिचा माथा उतरता ठेवावा. भिजून काळ्या पडलेल्या व कुबट वास येणाऱ्या पेंढ्या गव्हाणीत टाकू नयेत. साक्री व नवापूरकडील भाताच्या तणसासही हीच काळजी लागते. बुरशी आलेल्या तणसामुळे म्हशींचे कान, शेपूट व पाय यांची कातडी सडण्याचा 'देगनाला' नावाचा विकार उद्भवतो. तेथे विष वेगळ्या बुरशीचे असते, पण मूळ कारण ओलच असते.

मक्याचा मुरघास करणाऱ्यांनी खड्डा किंवा पिशवी दाबून हवाबंद करावी, उघडल्यावर तोंडाकडील थर रोज काढून वापरावा, आणि बुरशी आलेला भाग जनावरांना न घालता फेकावा.

खरेदी व साठवण

ढेप घेताना केवळ भाव पाहू नये. पोत्यात हात घालून ढेप मोडून पाहावी. ती कोरडी असली तर टचकन मोडते. ओली असली तर हातास मऊ लागते. आत गाठी, जाळी, किडे किंवा कुबट वास असल्यास ती घेऊ नये. तयार पशुखाद्य घेताना गोणीवर तयार केल्याची तारीख व मानक चिन्ह पाहावे.

स्वस्त काळात घेऊन ठेवण्याचा मोह सर्वांस होतो व तो अगदीच गैरवाजवी नाही. परंतु पावसाळ्यात एका वेळी महिनाभर पुरेल त्याहून अधिक ढेप घरात नसावी, हा नियम उत्तम. ज्यांना हे शक्य नाही, त्यांनी निदान साठवण तरी नीट करावी. पोती जमिनीवर न ठेवता वीतभर उंच लाकडी फळ्यांवर ठेवावीत व भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत, म्हणजे भोवती हवा खेळते. मृगापूर्वी धाबे शाकारून घ्यावे किंवा पत्र्याची भोके बुजवावीत. आधी आणलेले पोते आधी वापरावे. ओल्या मालावर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळू नये. त्याने ओल आत कोंडते. पुरेसे वाळलेले धान्य मात्र हवाबंद पिशवीत भरल्यास चांगले टिकते, कारण हवा नसली की बुरशी व किडे दोन्हीही वाढत नाहीत. उंदीर व किडे पोती फोडून ओलीस वाट करून देतात, तेव्हा त्यांचाही बंदोबस्त करावा.

गव्हाणीकडेही लक्ष असावे. सकाळी भिजविलेली ढेप सायंकाळपर्यंत संपवावी. रात्रभर तशीच राहिलेली दुसऱ्या दिवशी घालू नये. गव्हाणीच्या कोपऱ्यांत साचलेला चोथा रोज काढून ती धुऊन वाळवावी.

बुरशीचा माल हाती आलाच तर

येथेच खरी कसोटी आहे. पावसात पीक गेलेले, कर्ज डोक्यावर, चारा महाग, अशा वेळी मका फेकून द्या असे सांगणे सोपे असते व ऐकणे कठीण असते. म्हणून काय वाचविता येते व काय येत नाही, हे स्पष्ट सांगणे जरूर आहे.

मक्यात किंवा भुईमुगात विष सर्वत्र सारखे पसरलेले नसते. ते बहुधा थोड्या दाण्यांत साठलेले असते. म्हणून रंग बदललेले, सुरकुतलेले, फुटके व बुरशीचे दाणे निवडून काढले, तर उरलेल्या मालातील विष पुष्कळ कमी होते. वाऱ्यावर उफणून हलके दाणे वेगळे केल्यानेही फायदा होतो. निवडलेला माल पुन्हा उन्हात वाळवावा व शक्य असल्यास तपासून घ्यावा. ढेपेचे मात्र तसे नाही. ती दळून-दाबून एकजीव झालेली असल्याने तिच्यातून विष निवडून काढता येत नाही. बुरशीची ढेप पुसून, वाळवून किंवा भाजून निर्विष होत नाही. ती टाकून देणे हाच मार्ग आहे.

चांगल्या खाद्यात थोडे थोडे दूषित खाद्य मिसळून खपविण्याची युक्ती कोणी सांगेल. ती घातक आहे. तिने चांगले खाद्यही बिघडते. दुभत्या, गाभण व लहान जनावरांना तर असे खाद्य मुळीच घालू नये. बुरशीचा माल कोंबड्यांपुढे टाकणे हीसुद्धा चूक आहे, कारण कोंबडीस तो गाईपेक्षा लवकर बाधतो. असा माल शेणखताच्या खड्ड्यात पुरावा. तो हाताळताना नाकातोंडास फडके बांधावे.

बाजारात विष धरून ठेवणारी द्रव्ये मिळतात. बेंटोनाइट जातीची शुद्ध माती व यीस्टपासून केलेली काही द्रव्ये आतड्यात विषाला चिकटून ते शेणावाटे बाहेर नेतात व दुधात उतरणारे विष कमी करतात. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात त्यांचा वापर करावा. परंतु ती छत्री आहे, छप्पर नव्हे. ती वापरली म्हणून बुरशीचे खाद्य घालण्यास मोकळीक मिळत नाही. अमोनियाने पेंड निर्विष करण्याची पद्धत कारखान्यांसाठी आहे. घरी तिचा प्रयोग कोणी करू नये.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

बुरशी दिसते पण विष दिसत नाही. कधी बुरशी दिसूनही विष नसते, आणि कधी दाणा स्वच्छ दिसूनही त्यात विष असते. म्हणून शंका आल्यास तपासणी हाच खरा उपाय होय. नमुना घेताना एका पोत्यातून मूठभर माल घेऊन चालत नाही. निरनिराळ्या दहा-बारा ठिकाणांहून, वरून, मधून व तळातून, थोडा थोडा माल काढावा, एकत्र मिसळावा व त्यातील अर्धा ते एक किलो कागदी किंवा कापडी पिशवीत भरून पाठवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत वाटेत ओल धरून बुरशी वाढण्याचा संभव असतो.

एकट्यादुकट्या गोपालकास तपासणीचा खर्च परवडणार नाही. गावच्या दूध संस्थेने सर्वांच्या वतीने ढेप घेतली, एक नमुना तपासला व मग वाटप केले, तर खर्च अनेकांत विभागून जातो. जळगावनजीक ममुराबाद, रावेर तालुक्यातील पाल व धुळे येथील कृषि विज्ञान केंद्रांकडून आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडून नमुना कोठे पाठवावा याविषयी मार्गदर्शन मिळू शकेल.

कार्यकर्त्यांनी या कामास वर्षातून तीन वेळा हात घालावा. मृगापूर्वी घरोघरच्या साठवणीच्या खोल्या पाहाव्यात. भाद्रपदात तळची पोती उघडून दाखवावीत. आणि दसऱ्याच्या सुमारास खळ्यावर जाऊन मिठाची परीक्षा चारचौघांपुढे करून दाखवावी. शंभर भाषणांपेक्षा काचेस चिकटलेले मीठ अधिक समजावून सांगते. गुरांच्या वैरणपाण्याचे व दुधाचे काम पुष्कळ घरांत स्त्रियांच्या हाती असते. त्यांना वगळून घेतलेली सभा निम्मी वाया गेली असे समजावे.

खानदेशातील शेतकऱ्याने अवर्षणही पाहिले आहे व अवकाळीही पाहिली आहे. २०१८ साली दुष्काळ जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षी काढणीच्या वेळी पाऊस हटेना. आभाळ त्याच्या हातात नाही. परंतु दोन उन्हे अधिक देणे, पोत्याखाली फळी घालणे आणि बुरशीची ढेप पाहून मन घट्ट करून ती खड्ड्यात टाकणे, या गोष्टी त्याच्या हातात आहेत. टाकलेल्या एका पोत्याची किंमत मोठी वाटते खरी. पण गाभडलेली गाय, खुरटलेले पारडू आणि घरच्या मुलाच्या पेल्यातील दूध यांच्याशी ती ताडून पाहिली, म्हणजे कोणता सौदा महाग, हे कोणासही सांगावे लागणार नाही.